खळ्यावरून आलेला शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

खळ्यावरची मळणी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. मधोमध तिवडा, भोवती फिरणारी बैलांची पात, खुरांखाली चुरडणारी कणसं. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात, विसाव्या सर्गात, हेच दृश्य येतं, तेही ऐन युद्धात. योद्धा अकिलीसचे घोडे प्रेतं आणि ढाली तुडवत चाललेत, आणि कवीला आठवतात हंबरणारे बैल नि त्यांच्या पायांखाली बघता बघता मोकळे होणारे सातूचे दाणे. दाण्यांसाठी ग्रीक शब्द आहे ‘लेप्तोस’. ‘लेपो’ म्हणजे सोलणं. लेप्तोस म्हणजे सोललेला.

याच शब्दाला पुढे बारीक, तलम, आणि मग सूक्ष्म बुद्धीचा, असे अर्थ आले. इ.स.पू. 423 मधल्या ‘मेघ’ या नाटकात आरिस्तोफानेसनं सॉक्रेटिसला ‘अतिसूक्ष्म बडबडीचा पुरोहित’ म्हटलं, तिथेही हाच शब्द. मराठीत बोलणं फोल ठरतं ना? फोल म्हणजे दाणा गेलेलं टरफल. आपण टरफल धरलं, ग्रीकांनी दाणा. ही जोडी मला फार आवडते.

असाच हातकामातून आलेला आणखी एक ग्रीक शब्द ‘सोफिया’, म्हणजे शहाणपण. पण ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ मिळून हा शब्द एकदाच येतो, तोही जहाजाच्या लाकडावर सूत धरणाऱ्या सुताराच्या वर्णनात. तिथे त्याचा अर्थ हातातलं कसब, एवढाच. महाकाव्य गाणारा ‘राप्सोदोस’ म्हणजे तर गाणी शिवणारा; आपली ओवीही ओवण्यातूनच आली.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात, कालिमाखोसच्या कवितेत अपोलो देव कवीला बजावतो: बळीचा पशू हवा तेवढा लठ्ठ कर, काव्यदेवता मात्र सडपातळ ठेव. सडपातळ म्हणजे पुन्हा लेप्तोसचाच भाऊबंद.

त्याच काळातल्या आरातोसनं आकाशावर काव्य लिहिलं. त्यात तिसऱ्या दिवसाच्या चंद्रकोरीवरून हवामान कसं ओळखावं, ते सांगणाऱ्या ओळी आहेत. पहिली ओळ सुरू होते ‘लेप्ते’नं, लेप्तोसच्याच स्त्रीलिंगी रूपानं, म्हणजे नाजूक कोरीनं. ग्रीक लिपीत हा शब्द पाच अक्षरांचा. आता त्या ओळीपासून पाच ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचा: पुन्हा ‘लेप्ते’! एका फ्रेंच अभ्यासकानं हे 1960 साली दाखवून दिलं. तोवर किती पिढ्यांनी त्या ओळी आडव्याच वाचल्या असतील.