घरात आणखी कुणाला खाज येते?

नमस्कार श्रोतेहो. आज खरजेविषयी बोलू. दवाखान्यात येणारा माणूस हे नाव सहसा घेत नाही. "अंगात उष्णता वाढलीय", "बोअरचं पाणी बाधलं", नाहीतर "परवा वांगं खाल्लं होतं." वांग्याची उगाच बदनामी होते. मला वांगं आवडतं, म्हणून सांगून टाकलं.

खरूज होते ती एका आठ पायांच्या जीवामुळे. गोचिडाच्याच जातकुळीतला, पण मादीसुद्धा अर्धा मिलिमीटर भरत नाही. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा खणते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना तिथेच राहते. बोगदा, हे लक्षात ठेवा. कारण आता मी माझी आवडती गोष्ट सांगणार आहे.

पॅरिसमध्ये सँ लुई नावाचं त्वचारोगांचं मोठं रुग्णालय आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिथे खरजेचे रुग्ण ढिगाने येत, आणि डॉक्टर भांडत बसत: खरजेत किडा असतो की नसतो? खरं तर १६८७ मध्येच इटलीतल्या बोनोमोने सूक्ष्मदर्शकातून किडा पाहून त्याचं चित्र काढलं होतं. पण रक्त बिघडलं की खरूज होते, ही समजूत जाईना. मग १८१२ मध्ये सँ लुईतल्याच गालेस नावाच्या गृहस्थाने प्रबंध लिहिला, किडा सापडला म्हणून चित्रही दिलं. वाहवा झाली. बाकीचे शोधायला बसले, तर एकालाही सापडेना! पुढे रास्पाय नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की चित्रातला किडा खरजेतला नव्हेच, तो चीजमध्ये होणारा किडा!

झालं. किडा वगैरे काही नसतोच, असं बडे डॉक्टर म्हणू लागले. ल्युगोल, म्हणजे आयोडीनच्या औषधाला ज्यांचं नाव आहे तेच, त्यांनी तर पैज लावली: किडा काढून दाखवा, तीनशे फ्रँक घ्या.

१८३४ चा ऑगस्ट. कॉर्सिका बेटावरून शिकायला आलेला रेनुची नावाचा विद्यार्थी पुढे झाला आणि सगळ्यांसमोर सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला. ही विद्या त्याला कॉलेजात मिळाली नव्हती. गावाकडे गरीब बायका खरूज झालेल्यांच्या अंगातले किडे सुईने काढत, ते त्याने पाहिलं होतं. प्राध्यापक पुटकुळी फोडून त्यातलं पाणी भिंगाखाली बघत होते. किडा पुटकुळीत नसतो, बोगद्याच्या टोकाला असतो, हे त्या बायकांना ठाऊक होतं. त्यांच्यातल्या एकीचंही नाव कुठे नोंदलेलं नाही. रेनुचीचं आहे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना ही गोष्ट ऐकावीच लागते. तपासण्या लिहून द्यायला मुलं एका पायावर तयार. रुग्णाचा हात हातात घेऊन उजेडात नीट बघा म्हटलं, की घड्याळ बघतात.

तर, बघायचं कुठे? बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, नाडा बांधतो तिथे, आणि सांगायला लाज वाटते त्या जागीही. तान्ह्या बाळाच्या तळहात-तळपायांवर आणि डोक्यातसुद्धा. बोगदा दिसला तर पेन्सिलीच्या पुसट रेघेसारखा दिसतो. नाही दिसला तरी खरूज नाही असं समजू नका. अख्ख्या अंगावर मिळून दहा-पंधराच किडे असतात बहुतेकदा.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या. खाज रात्री वाढते का? आणि घरात आणखी कुणाला खाज येते? पुन्हा सांगतो: रात्री वाढते का, आणि घरात आणखी कुणाला? पहिल्यांदा लागण झाली, तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे "मला काही होत नाही" म्हणणारे आजोबा नातवंडाला कुशीत घेऊन झोपतात, तेव्हा त्यांनाही लागण झालेली असू शकते.

दुकानातून कसल्याही खाजेवर चालणारी म्हणून मिळणारी ट्यूब आणून चोळू नका. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. खाज दबते, पुरळाचं रूप बदलतं, किडे तसेच राहतात. खाजवून पू झाला तर तेवढ्यावर भागत नाही. त्या जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडांना सूज येऊ शकते.

औषध डॉक्टर देतील, बहुतेकदा परमेथ्रिनचं मलम. रात्री मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे लावायचं, सकाळी आंघोळ, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर ते आधीच सांगा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. खाज असो वा नसो, सगळ्यांनी, एकाच रात्री. वापरलेले कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा. गोधडी धुणं जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. माणसाचं अंग सुटलं की हे किडे दोन-तीन दिवसांत मरतात.

एवढं करूनही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. किडे मेलेले असतात, कातडी अजून चिडलेली असते. तेवढ्यावरून मलम रोज थापत बसू नका. महिन्यानंतरही थांबली नाही, किंवा नव्या पुटकुळ्या दिसल्या, तर पुन्हा दाखवायला या, आणि येताना घरच्यांनाही घेऊन या.