गंजात उमटलेलं कापड

नमस्कार.

जुन्या लोखंडी वस्तूंचं काम करणाऱ्याकडे लोक बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन येतात, "एवढं जरा साफ करून द्या." आज ज्या पिस्तुलाबद्दल बोलणार आहे, तेही याच वाक्यासोबत माझ्या टेबलावर आलं. जर्मन बनावटीचं वाल्थर पी ३८. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या एका सैनिकानं ते आठवण म्हणून घरी आणलं होतं. तो गेल्यावर कित्येक वर्षांनी त्याच्या नातीला ते तळघरातल्या पत्र्याच्या पेटीत सापडलं. तिनं आधी पोलिसांना कळवलं, कागदपत्रं रीतसर करून घेतली आणि मग ती माझ्याकडे आली. तिचं मागणं साधं होतं. आजोबांच्या हातात होतं तसं ते पुन्हा दिसावं.

हे मागणं मी कधीच हलक्यात घेत नाही. घरातल्या माणसाची वस्तू डोळ्यांसमोर कुजताना बघणं सोपं नसतं.

पण त्याआधी एक सांगतो, आणि हे ऐकल्याशिवाय कुणी उठू नका. गंजलेलं पिस्तूल रिकामं आहे असं कधीही धरून चालू नका. स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, जाम झालेली असते, मॅगझिन, म्हणजे मुठीतला काडतुसांचा कप्पा, बाहेर येत नाही, आणि आत ऐंशी वर्षांपूर्वीचं काडतूस असू शकतं. पी ३८ मध्ये घोड्याच्या वरच्या बाजूला एक बारीक पिन असते. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, काडतूस असलं की ती बाहेर डोकावते. गंजलेल्या पिस्तुलात ती पिनही अडकलेली असते, त्यामुळे ती आत आहे यावर विश्वास ठेवायचा नाही. ठोकायचं नाही, तापवायचं नाही. जाणकार, परवानाधारक माणसाकडून तपासून घ्यायचं. आम्ही क्ष-किरण फोटो काढून घेतला. चेंबर रिकामं होतं, मॅगझिनही रिकामं होतं. मगच मी भिंग हातात घेतलं.

पिस्तुलाच्या दोन बाजू दोन वेगळ्या वस्तूंच्या वाटाव्यात अशा होत्या. डावी बाजू बरीच शाबूत. निळसर काळा रंग जागोजागी टिकलेला, स्लाइडवर 'एसी' ही अक्षरं आणि खाली ४४. युद्धकाळात जर्मन लष्करी शस्त्रांवर कारखान्यांची नावं सहसा घालत नसत, सांकेतिक अक्षरं घालत. 'एसी' म्हणजे वाल्थर, ४४ म्हणजे १९४४ साल. त्या अक्षरांभोवती कटरच्या आडव्या रेघा नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. युद्धाच्या सुरुवातीच्या पी ३८ वर अशा रेघा फारशा दिसत नाहीत, कारण तेव्हा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायला कारखान्यात वेळ होता. १९४४ मध्ये तो उरला नव्हता. म्हणजे एका हरत चाललेल्या देशाची घाई त्या धातूवर उमटलेली आहे. पॉलिश पेपरचे चार हात फिरवले की ती गेली.

उजवी बाजू पेटीच्या तळाशी टेकलेली होती. ती पूर्ण तपकिरी, काही ठिकाणी खपल्या सुटलेल्या. आणि चापाच्या कडीच्या वर, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत, गंजात उभे-आडवे धागे दिसत होते. कापड उरलेलं नव्हतं. ओल धरून बसलेल्या कापडात लोखंडाचे क्षार शिरतात, धागा हळूहळू कुजतो आणि त्याची जागा गंज घेतो. शेवटी कापडाची वीण तेवढी राहते, लोखंडाची. पुरातत्त्वाच्या कामात तलवारी आणि सुऱ्यांवर ही गोष्ट नेहमी बघायला मिळते. पिस्तुलावर मी ती इतकी स्वच्छ पहिल्यांदाच बघत होतो.

पहिल्यांदाच, असं म्हणताना मला थांबावं लागतं. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक रिव्हॉल्व्हर आलं होतं. तेव्हा मी वायर ब्रश लावून त्याच्यावरचा सगळा गंज एका संध्याकाळी काढला. मालक खूश, मीही खूश. नंतर कामाआधीचे फोटो लावून ठेवताना एका फोटोत मूठीजवळच्या गंजात समान अंतरावरच्या ठिपक्यांची रांग दिसली. चामड्याच्या म्यानाची शिवण होती ती. कुणीतरी ते शस्त्र म्यानात ठेवलं होतं आणि ते बाहेर काढणारा कुणी परत आला नव्हता, एवढं तरी त्या ठिपक्यांवरून सांगता आलं असतं. आता फक्त फोटो आहे. (चामड्याच्या म्यानात शस्त्र कायमचं ठेवू नका, हेही सांगून ठेवतो. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि ओल लोखंडाला खातात.)

तेव्हापासून माझा निर्णय एका प्रश्नावर ठरतो. आज जे करणार आहे, ते उद्या परत फिरवता येईल का? मेण काढता येतं, तेल पुसता येतं. घासून काढलेला धातू परत येत नाही. स्मारकांच्या जतनाबद्दलची १९६४ ची व्हेनिस सनद म्हणते की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ती इमारतींसाठी लिहिली गेली, पण पिस्तुलालाही तितकीच लागू आहे. मी उजव्या बाजूला नवा निळा रंग चढवला तर तो माझ्या अंदाजाचा रंग असेल, १९४४ चा नसेल.

याचा अर्थ गंजाला हात लावायचा नाही असा नाही. काही गंज मेलेला असतो, काही जिवंत. मेलेला गंज घट्ट, गडद, बोट फिरवलं तर बोटाला न लागणारा. जिवंत गंज भगव्या पुडीसारखा सुटतो, त्याच्यावर कधी कधी बारीक थेंब जमतात. या दुसऱ्या प्रकारामागे बहुधा क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, असतं. समुद्राची हवा, घामट हात, खारी माती यांतून ते येतं, गंजाच्या खाली धातूच्या सीमेवर जाऊन बसतं आणि ओल मिळेल तोवर खात राहतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो वरच्या थराला आतून ढकलतो आणि खपल्या उडतात. धाग्यांची ती वीणही अशीच एक दिवस खपली होऊन पडली असती. आम्ही पिस्तूल कोरड्या बंद डब्यात पांढऱ्या कागदावर तीन आठवडे ठेवलं. कागदावर भगवी पूड पडली, पण फक्त मूठीच्या खालच्या भागातून.

क्लोराइडचा पिच्छा किती चिवट असतो ते मोठ्या वस्तूंवरून कळतं. अमेरिकी यादवी युद्धातली हनली ही पाणबुडी १८६४ मध्ये बुडाली, २००० मध्ये वर काढली, आणि मीठ बाहेर काढण्यासाठी २०१४ मध्ये तिला सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवावं लागलं. ब्रिस्टलला 'ग्रेट ब्रिटन' हे लोखंडी जहाज आहे. त्याच्या सांगाड्याभोवतीची हवा यंत्रं लावून सुमारे २० टक्के आर्द्रतेवर ठेवतात, तेव्हा कुठे ते टिकून आहे.

आता संग्राहकांची आवडती पद्धत. सुटे केलेले भाग डिस्टिल्ड पाण्यात उकळायचे. लाल गंज काळ्या, घट्ट ऑक्साइडमध्ये बदलतो, मग वरची काजळी मऊ ब्रशनं काढायची. पद्धत चांगली आहे, मी स्वतः वापरतो. जुने कारागीर बंदुकीला रंग देताना हेच करत, मुद्दाम गंज आणून तो उकळत. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढणं, म्हणजे इलेक्ट्रोलिसिस, हेही काम करतं, फक्त त्यात स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधी वापरू नका, विषारी क्रोमियम सुटतं. पण या दोन्ही पद्धतींनी ती वीण गेली असती. शिवाय या पिस्तुलाचे भाग सुटे होतच नव्हते, आणि जोर लावायची माझी तयारी नव्हती.

पुन्हा नवं करणंही काही वेळा योग्य असतं. पूर्वीच कुणीतरी घासून रंगवलेलं, नंबर पुसट झालेलं, भाग वेगवेगळ्या पिस्तुलांचे जोडलेले, अशा वस्तूत गमावण्यासारखं थोडंच उरतं. तिथे मी मालकाची हौस पुरवतो. इथे स्लाइड, फ्रेम आणि नळी या तिन्हींवर एकच नंबर होता. नंबर म्हणजे काय चीज आहे हे व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात कळतं. १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर ज्या पिस्तुलानं गोळी झाडली गेली आणि त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं, ते एफएन कंपनीचं १९१० मॉडेल तिथे आहे. अनेक दशकं जेझुइट पाद्र्यांकडे राहून ते २००४ मध्ये संग्रहालयात आलं. तशी पिस्तुलं ढिगानं बनली. हे तेच, असं १९०७४ या आकड्यामुळे म्हणता येतं.

शेवटी आम्ही केलं ते इतकंच. बॅकेलाइट या जुन्या कडक प्लास्टिकच्या, मुठीवरच्या लालसर तपकिरी पट्ट्या हलक्या हातानं सोडवल्या, त्यांच्याखालची भगवी पूड भिंगाखाली बांबूच्या काडीनं काढली, तिथे टॅनिक आम्ल लावून गंज काळा करून स्थिर केला. विणीवर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या ॲक्रिलिक रेझिनचे दोन पातळ हात. ते ॲसिटोननंच पुन्हा काढता येतं. बाकी सगळीकडे मायक्रोक्रिस्टलाइन मेण. आता ते ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणाऱ्या पट्टीसोबत हवाबंद डब्यात असतं आणि हातमोज्यांशिवाय त्याला कुणी हात लावत नाही.

नात पिस्तूल न्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, "स्लाइड सरकेल का?" मी नाही म्हटलं. तिचा चेहरा उतरला, आणि तो उतरणारच होता. मग मी तिला भिंग दिलं आणि दिवा तिरपा करून उजव्या बाजूवर धरला. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मॅगझिन रिकामं करून, कापडात गुंडाळून ठेवलं त्यांनी." आजीच्या जुन्या चादरी अजून घरात आहेत, त्यांचा एक तुकडा आणून वीण ताडून बघता येईल का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, जरूर आणा. पुढच्या महिन्यात ती येणार आहे.