‘वूट’ला फुलफॉर्म नाही

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय ‘हर्षोद्गारांचा अर्थ कोशात कसा नोंदवावा’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एका इंग्रजी उद्गाराची हकीकत सांगणे मला भाग आहे, कारण माझे सारे म्हणणे तिच्यातूनच निघाले आहे. तो उद्गार म्हणजे ‘वूट’. दोन हजारच्या दशकात ज्यांनी इंटरनेटवर खेळ खेळले, किंवा ज्यांच्या घरातली मुले रात्र रात्र खेळत बसली, त्यांना हा शब्द ऐकून नव्हे, तर पडद्यावर वाचून ठाऊक असेल. तो लिहिताना आधी डब्ल्यू, मग दोन ‘ओ’ऐवजी दोन शून्ये आणि शेवटी टी असा लिहीत. अक्षरांच्या जागी आकडे बसवण्याची ही रीत १९८०च्या दशकातल्या बुलेटिन बोर्डांवर, म्हणजे फोनच्या तारेने जोडलेल्या संगणकांवरच्या सूचनाफलकांवर, रुजली: ‘ई’साठी ३, ‘ए’साठी ४, ‘टी’साठी ७, ‘एल’साठी १. त्या लिपीला ‘लीट’ म्हणत आणि तिचे नावसुद्धा १३३७ असे आकड्यांतच लिहीत.

आता यातली नवलाची गोष्ट पाहा. ‘आई गं’, ‘अरेरे’, ‘ओहो’ हे उद्गार आधी तोंडातून निघाले आणि मागाहून कागदावर आले. ‘वूट’मधली ती दोन शून्ये मात्र उच्चारताच येत नाहीत, ती केवळ डोळ्यांसाठी आहेत. तरीही शब्द बोलण्यात रुळला, इतका की मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाने २००७ साली वाचकांचे मत घेऊन वर्षाचा शब्द निवडला तेव्हा शून्यांसकट हाच शब्द पहिला आला आणि ‘फेसबुक’ हे क्रियापद म्हणून त्याच्या मागे राहिले. पुढे २०११ साली कन्साइज ऑक्सफर्ड कोशाची शताब्दी आवृत्ती निघाली, तिच्यातही त्याला जागा मिळाली. तो कोश पहिल्यांदा निघाला १९११ साली, आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ही त्याच वर्षीचे; हा योगायोग मला फार प्रिय आहे.

मी स्वतः एका द्वैभाषिक कोशाच्या कामावर काही वर्षे होते. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. ‘वूट’ची नोंद माझ्याकडे आली तेव्हा मी कार्डावर लिहिले होते, ‘उद्गार. काही मिळाल्याचा, जिंकल्याचा किंवा नुसताच आनंद दाखवणारा.’ मुद्रिते परत आली तेव्हा त्या ओळीवर तांबड्या पेन्सिलीची आडवी रेघ होती आणि समासात दोनच शब्द होते, ‘फुलफॉर्म द्या’. मी संपादकांकडे गेले आणि याला फुलफॉर्म नाही असे सांगितले. ते म्हणाले, “बाई, इंटरनेटवरच्या प्रत्येक शब्दाला फुलफॉर्म असतो.” आणि त्यांनी तो मिळवलाही: ‘वी ओन्ड द अदर टीम’, म्हणजे आम्ही समोरच्या संघाला धूळ चारली. नोंद तशीच छापली गेली. दोन वर्षांनी माझ्या भाचीच्या चाचणी-परीक्षेत ‘पूर्ण रूप लिहा’ या प्रश्नात एका गुणासाठी हाच शब्द आला आणि तिने तेच उत्तर लिहून तो गुण मिळवला. त्या उत्तरपत्रिकेवरची बरोबरची खूण अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आपण ती आद्याक्षरे एकदा मांडून पाहू. डब्ल्यू, ओ, टी, ओ, टी. अक्षरे पाच झाली आणि शब्द झाला ‘वटॉट’. मधला ‘द’ गाळल्याशिवाय ‘वूट’ निघतच नाही. ‘वाव’ आणि ‘लूट’ यांच्या जोडणीतून हा शब्द आला, असेही खेळाडू सांगतात. ‘लूट’ हा आपल्याकडूनच इंग्रजीत गेलेला शब्द असल्यामुळे ही कथा खरी ठरावी असे मलाही मनापासून वाटते, परंतु वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. चार दिशांच्या आद्याक्षरांवरून ‘न्यूज’ झाले, ही आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली गोष्टही अशीच रचलेली आहे. फुलफॉर्म खरा असतो तेव्हा त्याचा माग लागतो: ‘ओके’ हे ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचे लघुरूप आहे आणि ते २३ मार्च १८३९च्या बोस्टनमधल्या वर्तमानपत्रात छापलेले सापडते. ‘वूट’च्या बाबतीत सापडते ते निराळेच. १९९३ साली अमेरिकेत दोन नाचगाणी जवळजवळ एकाच वेळी गाजली; एकाच्या धृपदात ‘वूट’ होते आणि दुसऱ्याच्या धृपदात ‘वूंप’. नाचाच्या गर्दीतली ही आरोळीच पुढे खेळाडूंच्या कळफलकावर गेली, असे काही अभ्यासक मानतात आणि मला ते सर्वांत पटण्याजोगे वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा जे सांगायला मी इथे आले ते भरभर सांगते.

आपल्या व्याकरणात या शब्दांना ‘केवलप्रयोगी अव्यय’ असे नाव आहे. त्याचे वाक्यातल्या कर्त्याशी, कर्माशी, क्रियापदाशी कसलेच नाते नसते. ते केवळ योजले जाते. मग त्याचा अर्थ देताना दुसरा शब्द देऊन भागत नाही, प्रसंग द्यावा लागतो: कोण म्हणतो, काय घडल्यावर म्हणतो आणि कुठे म्हणत नाही. ‘वूट’ हा ज्याच्या पदरात काही पडले त्याचा उद्गार आहे, किंवा त्याच्या आनंदात सामील झालेल्याचा. खेळातला राक्षस मारला, शेवटचा पेपर संपला, शुक्रवारची संध्याकाळ झाली की ‘वूट’. ताजमहाल पाहून कोणी ‘वूट’ म्हणत नाही, तिथे ‘वाव’च येतो, कारण तिथे विस्मय आहे, विजय नाही. ‘हुर्रे’ला बहुधा जमाव लागतो, ‘वूट’ एकट्यालाही पुरतो. तो वाक्याच्या आधी येतो किंवा एकटाच उभा राहतो, जोर द्यायचा असल्यास ‘वूट वूट’ असा दुहेरी होतो आणि कार्यालयीन पत्रात कधीच शोभत नाही. आजच्या विशीतल्या मुलांना तो ताईदादांच्या पिढीचा वाटतो, हेसुद्धा नोंदीत यायला हवे.

मराठी प्रतिशब्द म्हणून ‘वा’ देतात, ते चूक आहे. ‘अरे वा’ हे बातमी ऐकणारा म्हणतो, सांगणारा नव्हे. स्वतः पहिला आलेला मुलगा घरी येऊन ‘अरे वा’ म्हणत नाही, ते त्याची आजी म्हणते. ‘शाबास’ही दुसऱ्यालाच दिली जाते. स्वतःच्या आनंदाचा आपला उद्गार कोशात शोधून सापडणार नाही, पण आपण सर्वांनी तो दिला आहे. भारनियमनाच्या दिवसांत तास-दोन तास काळोखात काढल्यावर अचानक दिवे लागत, पंखा कुरकुरत फिरू लागे आणि अख्ख्या चाळीतून, सगळ्या मजल्यांवरून, एकदम ‘हेऽऽऽ!’ अशी आरोळी उठे. माझे कार्ड मी आता पुन्हा लिहिले आहे आणि त्यावर ‘वूट’पुढे हाच प्रसंग नोंदवला आहे.