दोन डेली आणि टीव्हीवरचा समान वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणूक जवळ आली की टीव्हीबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: आमच्या उमेदवाराला दाखवतच नाहीत, सारखं त्यांच्याच माणसाला दाखवतात. अमेरिकेत या तक्रारीवर 1927 सालीच कायदा झाला आणि तो झाला रेडिओसाठी. पुढे 1934 च्या कायद्यात तीच तरतूद कलम 315 म्हणून आली आणि टीव्हीलाही लागू झाली. कलमाचा गाभा सोपा आहे. एका उमेदवाराला वेळ दिलात, तर त्याच पदासाठी उभ्या असलेल्या बाकीच्यांनाही तशीच संधी द्या. पुन्हा सांगतो, एकाला दिलात, तर सगळ्यांना द्या.

या कलमाचा खरा कस लावला तो शिकागोच्या एका गृहस्थानं. त्याचं नाव लार डेली. धंदा बारमधली उंच स्टुलं विकण्याचा, आणि नाद निवडणुका लढवण्याचा. पद कुठलंही असो, डेलीचा अर्ज ठरलेला. प्रचाराला निघाला की अंगात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा अंकल सॅमचा पोशाख आणि डोक्यावर उंच टोपी. त्याची मतं फार टोकाची होती, मला ती मुळीच मान्य नाहीत. पण पुढं जे घडलं त्यात प्रश्न त्याच्या मतांचा नव्हता.

1959 साली शिकागोत महापौरपदाची निवडणूक लागली. आपल्या डेलीनं डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, अर्ज भरला. समोर होते तेव्हाचे महापौर, रिचर्ड डेली. आडनाव ऐकायला अगदी एकच. तेव्हा घोटाळा नको म्हणून मी एकाला महापौर म्हणतो आणि दुसऱ्याला नुसतं डेली.

तर हे महापौर रोज टीव्हीवर दिसायचे. अर्जेंटिनाचे अध्यक्ष फ्रोंदिसी शिकागोत आले, त्यांचं स्वागत करताना महापौर बातम्यांत. एका मोठ्या मदतनिधीच्या मोहिमेचा शुभारंभ झाला, तिथंही महापौर बातम्यांत. डेलीनं तक्रार ठोकली. म्हणणं असं, की तुम्हाला पडद्यावर महापौर दिसतात, मला माझा प्रतिस्पर्धी दिसतो. जेवढा वेळ त्याला, तेवढा मला. स्टेशनवाले म्हणाले, अहो, हा प्रचार नाही, ही बातमी आहे. प्रकरण रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय दळणवळण आयोगाकडं गेलं आणि फेब्रुवारी 1959 मध्ये आयोगानं निकाल दिला: डेली म्हणतो ते बरोबर, त्याला वेळ द्या!

एकच गदारोळ उडाला. प्रत्येक बातमीमागं असा हिशेब चुकवायचा तर बातम्या द्यायच्या कशा? संसदेनं त्याच वर्षी सप्टेंबरात कायदा बदलला. बातमीपत्र, बातमीसाठीची मुलाखत, बातमीचा माहितीपट आणि घटनास्थळावरून थेट दाखवलेली घटना, या चार गोष्टी समान वेळेच्या नियमातून वगळल्या. डेली मात्र गप्प बसला नाही. 1960 साली राष्ट्राध्यक्षपदासाठी लढणारे जॉन केनेडी जॅक पार यांच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात येऊन गेले. तो कार्यक्रम करमणुकीचा, म्हणजे त्याला सूट नाही. डेलीही तेव्हा त्याच पदासाठी उभा होता. त्यानं वेळ मागितला आणि त्याला तो द्यावा लागला.

ही गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण डेलीनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. जो खुर्चीवर आहे, तो उद्घाटन करतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, पुराची पाहणी करतो आणि या सगळ्याची बातमी होते. जो खुर्चीवर नाही, त्याची बातमी होते ती त्यानं आरोप केला तर, नाहीतर तो अडचणीत आला तर. कुणी पैसे चारलेले नसतात, कुणी दबाव आणलेला नसतो, तरी पारडं झुकतं. बातम्यांना चार सूट देताना हे झुकलेलं पारडं तसंच राहिलं.

  

बरं, मिनिटं अगदी काटेकोर सारखी दिली तर? 26 सप्टेंबर 1960 रोजी त्याच शिकागोत केनेडी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रिचर्ड निक्सन यांचा पहिला वादविवाद टीव्हीवर झाला. त्या निवडणुकीपुरतं कलम 315 बाजूला ठेवलं होतं, नाहीतर प्रत्येक लहानमोठ्या उमेदवाराला बोलवावं लागलं असतं. सुरुवातीला दोघांना आठ-आठ मिनिटं. घड्याळ सारखं, पण चित्र? निक्सन गुडघ्याच्या दुखण्यानं रुग्णालयात राहून आलेले, उतरलेले. त्यांचा फिका राखाडी सूट मागच्या फिक्या भिंतीत मिसळून गेला. केनेडींचा गडद सूट उठून दिसला. त्यातून एक बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा दाखवायचा, तो कधी आणि किती वेळ, हे ठरत होतं कंट्रोल रूममध्ये. निक्सन घाम पुसताहेत, हे देशानं पाहिलं. ते त्या क्षणी काय ऐकत होते, हे कुणाच्या लक्षात राहिलं?

आता शेवटचा मुद्दा. डॅनिएल हॅलिन या अभ्यासकानं अमेरिकेतल्या संध्याकाळच्या बातम्यांमधलं निवडणुकीचं वार्तांकन तपासलं. 1968 साली बातमीत एखाद्याचं बोलणं सलग ऐकू येई ते सरासरी 43 सेकंद. 1988 साली ते उरलं 9 सेकंदांवर. 43 वरून 9. हे आकडे मी तुम्हाला सांगेपर्यंत नऊ सेकंद संपलेसुद्धा. उरलेला वेळ उमेदवाराचे ओठ हलताना दिसतात आणि आवाज असतो वार्ताहराचा. कोणते नऊ सेकंद ठेवायचे, हेही संकलनाच्या टेबलावर ठरतं. पक्षपात झालाच तर तो या टेबलावर होतो.

तेव्हा पुढची बातमी पाहाल तेव्हा हाताशी घड्याळ ठेवा. उमेदवार स्वतःच्या आवाजात किती बोलला, आणि त्याच्या चित्रावर दुसरं कुणी किती बोललं, हे दोन आकडे वेगवेगळे मांडा. प्रत्येक उमेदवाराचे मांडा, आवडत्याचे आणि नावडत्याचेही.

नमस्कार.