तळं घरात आणताना

हॉलमध्ये शिरताना दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. गार पाण्याचा टब बाल्कनीत ठेवला तर चालेल का? आजचा विषय सॉना, म्हणजे घाम काढायची तापवलेली लाकडी खोली, आणि त्यानंतरची गार डुबकी असा दुहेरी आहे, पण मी इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करणारा माणूस, त्यामुळे या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

मध्यम टबात ३०० लिटर पाणी मावतं. म्हणजे ३०० किलो. त्यात टब, चिलर म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, आणि तुम्ही. ४०० किलोच्या वर गेलंच. टबाची जागा धरा पाच फूट बाय अडीच फूट, म्हणजे चौरस मीटरवर साधारण ३५० किलो. आपल्या भारमानाच्या संहितेत, म्हणजे इमारतीवर किती वजन धरायचं त्या नियमांत, राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात, बाल्कनीसाठी ३००. डिझाइनमध्ये सुरक्षिततेची गुंजाइश असते, त्यामुळे स्लॅब लगेच खाली येत नाही. पण भिंतीबाहेर काढलेली बाल्कनी, तीस वर्षांची गळती, गंजलेली सळई, आणि कठड्यालगत ठेवलेला टब, हे सगळं एकत्र आलं की मला झोप लागत नाही. तळमजला असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर इमारतीची ड्रॉइंग्ज घेऊन इंजिनिअरला दाखवा, टब खांब-बीमच्या जवळ ठेवा, आणि सोसायटीला आधी सांगा.

मी नोकरीनिमित्त फिनलंडमध्ये, ताम्पेरे शहरात राहिलो. तिथे १९०६ साली सुरू झालेला रायापोर्त्ती नावाचा सार्वजनिक सॉना आजही चालू आहे, देशातला सर्वांत जुना. पंचावन्न-छप्पन्न लाखांच्या त्या देशात सॉना तीस लाखांच्या घरात आहेत असं म्हणतात. युनेस्कोनं २०२० साली त्यांच्या सॉना संस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली. हिवाळ्यात मी नॅसियार्वी तळ्याकाठच्या सॉनात जायचो. बाकावर बसायचं, कोणीतरी तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकायचं, ती वाफ मानेवर उतरायची. तिला ते ‘ल्योउल्यू’ म्हणतात. मग बाहेर पडून बर्फात पाडलेल्या भोकाशी शिडी धरून उतरायचं. तिथे गारव्यासाठी काहीच बांधावं लागत नाही, तळं आहे. आपल्याकडे तळं बांधायला लागतं, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक चुका त्या बाजूलाच होतात.

हिशोब करून बघा. एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी २८ अंश. ते १२ अंशांवर आणायला ३०० लिटरमागे सुमारे ५० किलो बर्फ लागतो. रोज लादी आणून फोडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आठवड्याभरात सगळे कंटाळतात. चिलरला तेच काम साधारण दोन-अडीच युनिट विजेत जमतं, वेळ मात्र काही तास जातो. पण चिलर गरम हवा बाहेर फेकतो. बंद न्हाणीघरात ठेवलात तर खोली तापते आणि चिलर स्वतःशीच भांडत बसतो. त्याला मोकळी हवा द्या. टब इन्सुलेटेड घ्या, झाकण घट्ट बसणारं घ्या. झाकण नुसतं गारव्यासाठी नाही. स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि पाणी तापलेलं असताना चार दिवस बंद पडलेला टब त्याला आयताच मिळतो. अंघोळ करून मगच उतरायचं, फिल्टर चालू ठेवायचा.

गरम खोली, म्हणजे सॉना, त्या मानानं सरळ आहे. सहा फूट बाय पाच, उंची साडेसात फूट, एवढी दोघांना पुरते. घनमीटरला एक किलोवॉट हा ढोबळ नियम, म्हणून ६ किलोवॉटचा हीटर. तो २६ अँपिअर ओढतो, त्याला भिंतीतलं नेहमीचं सॉकेट चालत नाही. स्वतंत्र केबल, जास्त भार आला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, वीज गळली की पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, आणि वीज मंडळाकडून मंजूर भार वाढवून घेणं. वरची बैठक छतापासून पावणेचार फुटांवर, कारण उष्णता वर साठते. ताजी हवा हीटरजवळून आत, बाहेर जाणारी समोरच्या भिंतीतून, खालच्या अंगाला. नदीतले गोटे आणून हीटरवर ठेवू नका. पोटात पाणी असलेला दगड तापून फुटतो.

माझ्या पहिल्या सॉनाच्या खोलीत मी आतून लॅमिनेटचा प्लायवूड लावू दिला. ऐंशी अंशांना गोंदाचा वास सुटला, डोळे चुरचुरायला लागले, सगळं उचकटावं लागलं. आत साधं, राळ न सुटणारं, रंग-पॉलिश नसलेलं लाकूडच हवं, ॲस्पन किंवा हेमलॉकसारखं. स्क्रूचं डोकं लाकडात बुडवा, नाहीतर पाठ भाजते.

आता वापर. घामेजल्या अंगावर गार पाणी घेऊ नको, असं आपल्या आज्ज्या सांगायच्या. मला ते पटतं. बाहेर येऊन पाच मिनिटं बसा, घाम धुवा, श्वास शांत होऊ द्या. गार पाण्यात पहिलं अर्धं मिनिट आपोआप धापा लागतात, श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. म्हणून उडी नाही, पायऱ्यांनी उतरायचं, डोकं बाहेर. १२-१५ अंशांना दोन मिनिटं सुरुवातीला खूप झाली. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दारू पिऊन तर कधीच नको. जिमवाल्यांसाठी एक गोष्ट: २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजनं उचलल्यावर लगेच दहा मिनिटं दहा अंशांच्या पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू बारा आठवड्यांत इतरांपेक्षा कमी वाढले. लांब पळालेल्या दिवशी दुखणं हलकं वाटतं, तेव्हा खुशाल बसा. वजनांच्या दिवशी डुबकी टाळा.

आणि दाराबद्दल. सॉनाचं दार बाहेर उघडणारं हवं आणि त्याला कडी, कुलूप, लॅच काहीही नको. आतल्या माणसाला भोवळ आली तर नुसता खांदा लागून ते उघडलं पाहिजे. आमच्या घरी नियम असा की आत कोणी असेल तर दुसरं कोणीतरी हाकेच्या अंतरावर असतं. बायको पुस्तक घेऊन बाहेर बसते, मग मी.