दलखाणियातले तेवीस सिंह

सप्टेंबर 2018. पूर्व गीरमधली दलखाणिया रेंज. 12 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर, तीन आठवड्यांत 23 सिंह दगावले.

पहिले मृतदेह सापडले तेव्हा कारण सांगितलं गेलं आपसातल्या झुंजीचं. सिंह म्हटलं की हा संशय लगेच येतो, आणि मोलाचे दिवस हातचे जातात.

डिस्टेंपर या कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या विषाणूचा छडा लागला पुण्यात, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत. 68 सिंह आणि 6 बिबट्यांच्या नमुन्यांत हा विषाणू सापडला. गोवराच्या विषाणूचा हा भाऊबंद. जनुकीय रचना भारतातल्या कुत्र्यांमधल्या वाणाच्या जवळची.

उन्हात तो फार टिकत नाही. पण एकाच शिकारीवर अख्खा कळप तोंडाला तोंड लावून तुटून पडतो, तिथं त्याला टिकायची गरजच काय?

आधी डोळ्यांत चिपडं, नाकातून स्राव, मग धाप. विषाणू मेंदूत शिरला की निपचित पडलेल्या सिंहाचाही गाल एका लयीत उडत राहतो. थांबत नाही.

नमुने घेताना सगळ्यात जास्त चुका होतात. नाकाचा आणि डोळ्याचा स्वॅब विषाणू जपणाऱ्या द्रावणात, रक्त ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या नळीत, आणि सगळं 2 ते 8 अंशांवर. मेलेल्या जनावराच्या फुप्फुसाचे आणि प्लीहेचे दोन-दोन तुकडे घ्यायचे. एक नुसता थंड ठेवायचा, पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) शोधणाऱ्या चाचणीसाठी. दुसरा त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला. घाईत दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये गेले, तर आरएनए तुटतो आणि पीसीआरचा भरवसा उरत नाही.

रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकासाठी काचपट्टीही तिथंच करायची. गोचिडांतून येणारा बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो, आणि डिस्टेंपरनं प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली असते. 1994 मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत दुष्काळानंतर दोन्ही एकदम आले. तिथले जवळपास एक तृतीयांश सिंह गेले. गीरमध्येही बबेसिया सापडला. डिस्टेंपरवर नेमकं औषध नाही, बबेसियावर आहे. म्हणून ही पट्टी चुकवायची नाही.

लसीच्या 300 मात्रा अमेरिकेहून आल्या. कुत्र्यांना देतात ती जिवंत विषाणूची लस काही वन्य प्राण्यांत आजारच घडवते. कॅनरीपॉक्स या पक्ष्यांच्या विषाणूवर बेतलेल्या लशीत अख्खा डिस्टेंपर विषाणू नसतोच, त्यामुळे ती धोका टाळते. पण मात्रा दोन लागतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. पहिल्या टोचणीलाच मायक्रोचिपचा नंबर आणि मिशांच्या ठिपक्यांचा फोटो नोंदवला नाही, तर दुसऱ्या वेळी कळपातली कुठली सिंहीण राहिली, हे ओळखता येत नाही.