सर्किटं मोजा, मग मशीनकडे जा

मित्रहो, क्लाउडवरच्या क्वांटम मशीनचं बिल रन चालू असताना वाढत जातं, असं आपल्याला वाटतं. खरं तर ते बरंचसं आधीच, आपण कोड लिहितो तेव्हाच ठरलेलं असतं. तो हिशेब आपण आधी करत नाही, आणि मग हजार डॉलरांचा आकडा अचानक समोर आल्यासारखा वाटतो.

मीटर कसा फिरतो ते प्रत्येक सेवेगणिक वेगळं असतं. सर्किट म्हणजे क्यूबिटांवर (क्वांटम बिटांवर) ओळीने करायच्या क्रियांची, म्हणजे गेटांची, यादी. ती एकदा चालवली की एक शॉट. अमेझॉनच्या ब्रॅकेट या क्लाउड सेवेवर प्रत्येक टास्कला, म्हणजे मशीनकडे पाठवलेल्या कामाला, ३० सेंट लागतात आणि शॉटचे पैसे निराळे. आयबीएम मशीनचा वेळ सेकंदांत मोजते. क्वांटिन्युअम या कंपनीच्या यंत्रांवर क्रेडिटचं सूत्र आहे. त्यात एका क्यूबिटवरच्या गेटचं वजन १ धरलं, तर दोन क्यूबिटांच्या गेटचं १० आणि मोजमापाचं ५. म्हणजे तिथे सर्किटमधली दोन क्यूबिटांची गेटं छाटली की बिल थेट उतरतं. ब्रॅकेटवर त्याच छाटणीने एक पैसाही वाचत नाही. उत्तरातला गोंगाट (मशीनच्या चुकांमुळे येणारी गडबड) मात्र कमी होतो, म्हणून छाटणी तिथेही करावीच. मीटर कशावर चालतो हे माहीत नसेल, तर काटकसर भलत्याच ठिकाणी होते.

आता मुख्य मुद्दा. खर्च सर्किटमुळे जितका होतो, त्याहून कितीतरी जास्त लूपमुळे होतो. व्हेरिएशनल अल्गोरिदम घ्या. त्यात सर्किटमधले काही आकडे (पॅरामीटर) पायरीपायरीने बदलत, उत्तर सुधारेपर्यंत ते पुन्हा पुन्हा चालवतात. समजा २० पॅरामीटर आहेत. ग्रेडियंट, म्हणजे पॅरामीटर बदलला की उत्तर किती बदलतं ते, पॅरामीटर-शिफ्टने (पॅरामीटर पुढे-मागे सरकवून) काढायचा तर प्रत्येक पॅरामीटरला दोन सर्किटं, म्हणजे एका पायरीला ४०. शंभर पायऱ्यांना ४,०००. एका सर्किटला एक टास्क आणि दर टास्कला ३० सेंट धरले तर नुसत्या टास्कचेच १,२०० डॉलर झाले, शॉट अजून मोजलेच नाहीत. ब्रॅकेटवर आयनक्यू कंपनीच्या पहिल्या मशीनचा दर शॉटला १ सेंट होता. सर्किटमागे १,००० शॉट धरले तर आणखी ४०,००० डॉलर. आणि हा कोड जेमतेम दहा-पंधरा ओळींचा असतो! म्हणून मी आग्रहाने सांगतो, रन देण्याआधी हा गुणाकार कागदावर करा. दर बदलत राहतात, त्या दिवशीचे पाहून घ्या. गुणाकार मात्र तोच राहतो.

शॉट किती घ्यायचे? मोजमापातली सांख्यिकीय चूक शॉटच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. निम्म्या शक्यतेच्या निकालाला १०० शॉटमध्ये चूक साधारण ५ टक्के, १०,००० मध्ये अर्धा टक्का. दहापट अचूकतेला शंभरपट शॉट. त्यातही मशीनच्या गोंगाटानेच उत्तर चार टक्क्यांनी ढळत असेल, तर अर्ध्या टक्क्यासाठी पैसे ओतून हाती काय येणार? सुरुवातीच्या पायऱ्यांना थोडे शॉट पुरतात, शेवटाकडे वाढवावेत.

मला सगळ्यात आवडणारी बचत वेगळीच आहे, कारण ती गणितातून येते. हायड्रोजनच्या रेणूचं नेहमीचं उदाहरण घ्या. अगदी लहान बेसिसमध्ये (इलेक्ट्रॉनांच्या मोजक्याच अवस्था धरून), चार क्यूबिटांवर मांडलं की हॅमिल्टोनियनमध्ये, म्हणजे रेणूच्या ऊर्जेच्या सूत्रात, १५ पदं येतात. एकेक पद वेगळं मोजत बसण्याची गरज नसते. त्यातली ११ पदं फक्त झेडची (क्यूबिट ० की १ हे नेहमीचं मोजमाप) किंवा आयडेंटिटीची (जिथे काही मोजावंच लागत नाही) आहेत, ती सगळी एकाच मोजमापातून निघतात. उरलेल्या चारांना चार सर्किटं. पंधराचं काम पाचांत होतं, आणि अचूकतेला धक्का लागत नाही.

आणि कृपा करून, कोडमधल्या चुका खऱ्या मशीनवर शोधू नका. २० क्यूबिटांची संपूर्ण अवस्था १६ मेगाबाइटमध्ये मावते, ३० क्यूबिटांची १६ गिगाबाइटमध्ये. म्हणजे शिकण्याच्या टप्प्यावरचं बहुतेक काम आपल्याच लॅपटॉपवर, मशीनची नक्कल (सिम्युलेशन) करून, फुकट होतं, गोंगाटाचं मॉडेल घालूनसुद्धा. फक्त त्यासाठी क्यूबिट कमी ठेवावे लागतात. मशीनकडे जावं ते मशीनबद्दलचाच प्रश्न घेऊन: प्रत्यक्ष गोंगाटात हे सर्किट किती तग धरतं?

दोन गळत्या सांगतो, ज्या सहज नजरेतून सुटतात. एक, क्लाउडवर चालू राहिलेली, कोड लिहून चालवायची नोटबुक. ती साधा संगणकच असते, पण बंद करेपर्यंत तिचे पैसे लागत राहतात. दुसरी, आयबीएमचं सेशन, म्हणजे मशीन काही वेळ आपल्यासाठी राखून ठेवणं. पहिला जॉब सुरू झाला की घड्याळ चालू होतं, आणि मधे आपण विचार करत बसलो तरी ते लगेच थांबत नाही. एकमेकांवर अवलंबून नसलेली सर्किटं बॅचमध्येच (एकत्र गठ्ठ्याने) द्यावीत. बजेटच्या इशाऱ्यावर विसंबू नका, तो कित्येक तास उशिरा येतो. ब्रॅकेटच्या एसडीकेमध्ये (प्रोग्रॅमिंगच्या साधनसंचात) ट्रॅकर आहे, तो रनसोबतच खर्चाचा अंदाज दाखवतो. त्याचा आकडा पाहून लूप थांबवणारी एक अट कोडमध्येच लिहून ठेवा.

मशीनकडून आलेले कच्चे काउंट्स कधीही टाकून देऊ नका. नुसती सरासरी जपून चालत नाही, प्रत्येक बिटस्ट्रिंग (०-१ ची ओळ) किती वेळा आली तेही हवं, सोबत तारीख आणि त्या दिवशीचं कॅलिब्रेशन (मशीन किती अचूक होतं त्याच्या नोंदी). सहा महिन्यांनी नवा प्रश्न सुचला आणि तो झेड-बेसिसमधलाच असला, तर त्याचं उत्तर त्या जुन्या फाइलमध्येच असू शकतं, आणि त्याचे पैसे आपण केव्हाच भरलेले असतात.